अर्धी मुलगी आणि माझं न दुखणारं डोकं

आता कसं सांगू तुम्हाला... थांबा, आधी चहाचा कप खाली ठेवा. हसताना अंगावर सांडेल!

माझ्या पुतण्यासाठी, संदेशसाठी, आम्ही दोघं पोशीरला मुलगी बघायला गेलो. पोरगा भयंकर लाजाळू. म्हणून बोलायला मी! कर्जतला तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, आम्हाला तोंड बंद ठेवणं जमतं होय?

दारापासूनच सुरू झालो. पोराचं शिक्षण, नोकरी, स्वभाव, लहानपणी आलेला गोवर... काही सोडलं नाही!

तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. निशा तिचं नाव, कर्जतलाच एका दवाखान्यात नर्स. पहिला घास घेत मी वर बघितलं, तर काय!

मुलीला अर्धंच तोंड!

उजवीकडचा भाग गायब. तिथे नागमोडी रेघा लखलखतायत, वेल्डिंग चालू असल्यासारख्या! चष्मा पुसला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक ते पाच आकडेच नाहीत!

कुठला डोळा बिघडलाय म्हणून डावा मिटून बघितलं. मग उजवा. परत डावा. दोन्हींत तेच! आणि घड्याळाखाली कोण बसलेलं? मुलीची आई!

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे पावणे माज्याकडं बघून डोळे का मारतायत?"

"काका, काय चाललंय?" संदेश कुजबुजला.

"मी चाललो रे!"

"कुठं?"

"वर!"

मला खात्रीच झाली, हा अर्धांगाचा झटका! उभा राहून ओरडलो, "काकूला सांग, माझं तिच्यावर फार प्रेम होतं!" लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य घरी एकदाही बोललो नव्हतो. एवढं बोललो आणि भीतीनं जीभच गोठली.

निशा धावत आली. "काका, हसून दाखवा. आता दोन्ही हात वर करा. डोकं दुखतंय?" मी मान हलवली, नाही. "तरी दवाखान्यात जायचं. बाबा, टेंपो काढा!"

संदेशनं मला उचलूनच टेंपोत घातलं, निशाही सोबत बसली. कर्जत येईपर्यंत रेघा विरल्या आणि जग पुन्हा अख्खं झालं!

डॉक्टरांनी कसून तपासलं. म्हणाले, "मायग्रेन आहे."

"अहो, पण डोकं जरासुद्धा दुखत नाही!"

"मायग्रेन काय एकाच प्रकारचं असतं? कुणाचं थेट डोकं ठणकतं. कुणाला आधी अशा रेघा दिसतात, मग ठणकतं. कुणाला नुसतं गरगरतं. आणि कुणाला रेघा दिसून जातात, डोकं दुखतच नाही. पण या वयात पहिल्यांदाच असं झालं ना, मग लगेच आलात हे बरं केलंत."

म्हणजे मी मरत नव्हतो! आनंदानं उडीच मारणार होतो, तेवढ्यात आठवलं: अरे देवा, पोराचं स्थळ!

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांचा फोन. मी चाचरतच म्हणालो, "ते डोळ्यांचं जरा..."

"ते कळलं ओ, निशानं सांगितलं. मुलगा पसंत हाय आमाला!"

माझी छाती फुगली. "बघा! म्हणजे माझं बोलणं पटलं तर!"

"नाय ओ! तुमी बोलत होता तोवर पोरगी नायच म्हणत होती. तुमची बोलती बंद झाली, तवा कुठं टेंपोत पोरगा तिच्याशी बोलला. लगेच पसंत पडला! आता लग्नाच्या बैठकीला पण त्यालाच बोलू द्या."