सुहास गवाणकर शेवटी काही बोलला नाही

त्या वर्षी आमची पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका चौकीवर होती. मी हवालदार होतो, सुहास गवाणकर माझ्याखालच्या हुद्द्यावर, नाईक. तो घाटकोपरचा, मूळचा मालवणकडचा, मी मुलुंडचा. पोस्ट कमांडरने आम्हाला एकमेकांचे बडी नेमलं. ड्युटी, जेवण आणि तंबू ज्याच्याबरोबर, तो बडी.

सेंट्री ड्युटीची, म्हणजे पहाऱ्याची, एक पद्धत वाचकांना सांगायला हवी. दोघे शेजारी उभे राहतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. डावीकडचा भाग एकाचा, उजवीकडचा दुसऱ्याचा. बोलायचं ते आपापल्या भागावर नजर ठेवून. घरातली भांडणं, आईचं दुखणं, मुलीचे मार्क, हे सगळं मी सुहासकडून असंच ऐकलं. तंबूत समोरासमोर बसलो की तो फक्त चेष्टा करायचा. मी पुस्तक उघडलं की म्हणायचा, "दादा, ह्यातलो हिरो शेवटाक मरता. झोपा आता."

बुधवारी त्याला खोकला लागला. नर्सिंग असिस्टंटने औषध दिलं. शुक्रवारी सॅटेलाइट फोनवर त्याची पाळी होती. गणपतीला रजा मिळणार नाही हे घरी कळलं होतं. मुक्ता, त्याची दहा वर्षांची मुलगी, रुसली आणि फोनवर आलीच नाही. रविवारी सकाळी त्याला श्वास पुरेना. फुप्फुसात पाणी झालं होतं. त्या उंचीवर असं होतं, आणि माणसाला लवकर खाली न्यावं लागतं. मी रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"निगेटिव्ह. मौसम खराब है. वेट. ओव्हर."

"पेशंट सिरियस है. ओव्हर."

"वेट. आउट."

दुपारी त्याची शुद्ध गेली. संध्याकाळी आभाळ उघडलं, तोवर तो गेला होता. शवपेटीबरोबर घाटकोपरला मीच आलो.

पुढे मी निवृत्त झालो. जेवतो, झोपतो, वाचनालयातून पुस्तकं आणतो. चांगलं किंवा वाईट, फारसं काही वाटत नाही. रविवारी सुहासच्या घरी जातो.

मुक्ता बोलेनाशी झाली होती. शाळेत जायची, विचारलं की "ठीक" म्हणायची. डबा तसाच परत आणायची. शाळेतल्या समुपदेशक बाई चांगल्या होत्या. तिला समोर बसवून हळुवारपणे विचारायच्या, आणि ती टेबलाकडे बघत राहायची. सुहासच्या पत्नी, वैशालीवहिनी, एकदा जिन्यात मला म्हणाल्या की नवरा गेला, आता ही पण हातची जाईल असं वाटतं.

एका रविवारी घरी पाहुणे आले, तशी मुक्ता उठून गच्चीवर गेली. थोड्या वेळाने मी गेलो. ती पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर बसली होती. मी शेजारी बसलो, तिच्याकडे न बघता. सवयच ती. म्हटलं, मेट्रोची बाजू तुझी, विमानांची माझी. काही दिसलं की रिपोर्ट द्यायचा.

बराच वेळ ती फक्त मेट्रो सांगत होती. मी विमानं सांगत होतो. मग त्याच आवाजात ती म्हणाली, "पप्पा मला हाका मारत होते ना?"

"कधी?"

"मरताना. आत्या सगळ्यांना सांगते. माझं नाव घेत घेत गेले. मी फोन घेतला नव्हता म्हणून."

ही गोष्ट मीही त्या घरात ऐकली होती. येणारा प्रत्येक जण ती ऐकून मुक्ताच्या डोक्यावरून हात फिरवायचा. त्या गोष्टीतून तिने काय घेतलं, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी विमानांकडे बघत रिपोर्ट दिला. "नाही. मी तिथे होतो. दुपारपासून त्याला शुद्ध नव्हती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो काही बोलला नाही. खोकला बुधवारी लागला, फोन शुक्रवारी होता. तू बोलली असतीस तरी आजार होताच."

"नक्की?"

"नक्की."

"रागावले होते?"

"हसत आला फोनवरून. म्हणाला, चेडू रुसण्यात माझ्यारच गेला."

ती रडायला लागली. मी मान वळवू लागलो तर म्हणाली, "इकडे बघू नका, काका." मी बघितलं नाही.

खाली आलो तेव्हा पाहुणे गेले होते. आत्या कपबशा गोळा करत होती. मुक्ता ओट्यापाशी जाऊन आईला म्हणाली, "पप्पा काही बोलले नव्हते. त्यांना मास्क होता."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मला वाटलं, पोरीला बरं वाटेल," ती म्हणाली.

वहिनींनी चहा ठेवला. पाठमोऱ्या उभ्या राहूनच त्यांनी विचारलं की शुद्धीत असताना शेवटचं काय म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी होतं ते सांगितलं. सकाळी मी त्याला चहा दिला. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "साखर नाय."

"चार चमचे लागायचे त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"पाच," मुक्ता म्हणाली. "तुझं लक्ष नसलं की पाच."