कोंबड्यांना पाणी होतं

बायकोला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच — आणि आता ते गेले. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तोंड उघडतोय. ओळखीच्या माणसासमोर ही गोष्ट घशाशी आली की मी चहा मागवतो. इतकी वर्षं असंच चाललंय.

आधी खुराड्याचं सांगतो. टाळत नाही हो — खुराड्याशिवाय पुढचं कळणारच नाही.

सौंदडजवळ आमचं गाव. गावापासून बरंच लांब, कालव्यापलीकडे आमचं धानाचं शेत. मी तेव्हा गोंदियात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला. आठवड्याचे बरेच दिवस तिकडेच खोली करून राहायचो. बाबांचे गुडघे गेलेले. पण मला कोंबड्या पाळायच्या होत्या ना! मग डोकं लढवलं. शेतातच खुराडं बांधायचं, आणि असं बांधायचं की माणूस लागायलाच नको. खाली धानाच्या तुसाचा जाड थर, म्हणजे रोज झाडायची कटकट नाही. दाण्यासाठी उभा पाइप, वरून भरला की खाली आपोआप दाणा उतरतो. आतच लोखंडी घोडीवर पाण्याची टाकी, टाकीतून नळी, नळीला छोट्या तोट्या. कोंबडीनं चोच मारली की थेंब पडतो. भोवती जाळी, तीही जमिनीत पुरलेली, मुंगूस-कोल्हा शिरू नये म्हणून. दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

काय मिरवलं मी, काय मिरवलं! पानठेल्यावर उभा राहून सांगायचो — आठवडाभर ढुंकून पाहू नका, अंडी तयार. लोक मुद्दाम बघायला यायचे.

आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून सुकवारो आजीची झोपडी होती. गोंडाची म्हातारी, एकटी. लेक छत्तीसगडात दिलेली. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकट्या बाईबद्दल गाव जे कुजबुजतं ते कुजबुजायचंच — टोनही आहे म्हणे, करणी करते. आमच्या घरात मात्र हा शब्द चालत नव्हता. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच कोंबडं कापणं, उतारा टाकणं, सगळं घराबाहेर काढलं. बाबा म्हणायचे, "प्रत्येक गोष्टीले कारण असते. नाई सापडलं तं आपण शोधलं नाई." हे ऐकत मी मोठा झालो. एवढं ध्यानात ठेवा.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी मी टाकी धुतली. धुण्याआधी नळीचा व्हॉल्व्ह बंद केला — लाल दांडीचा, जरासा फिरवला की झालं. टाकी काठोकाठ भरली, कुलूप लावलं, घरी आलो.

मंगळवारी सकाळी गोंदियाची गाडी पकडायला शेताकडच्या वाटेनं निघालो, तर आजी धुऱ्यावरून हाक मारते. "बाबू, तुया कोंबड्या काऊन वरडून रायल्या?"

मला गाडीची घाई. आणि खरं सांगू? राग आला. माझ्या खुराड्यात खोट काढते ही! हसून म्हणालो, "आजी, त्याईले आता माणूस लागत नाही." आणि सरळ स्टेशन गाठलं.

गुरुवारी दुकान बंद राहिलं. दुपारीच परतलो, स्टेशनावरून थेट शेतात. ऊन रणरणत होतं. आधी कळेना काय चुकतंय. मग कळलं — आवाज नाही. कोंबड्या असतात तिथं भर दुपारीसुद्धा एक कुरकुर चालू असते. ती नव्हती. आजूबाजूला एक कावळा नाही, चिमणी नाही. माझीच चप्पल वाजत होती, ती मी का कोण जाणे हातात घेतली.

मेल्या होत्या. रक्त नाही, उपटलेलं पीस नाही, कुठं ओरखडा नाही. आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला — नळीकडे. एकीवर एक चढलेल्या, माना ताणलेल्या, चोची उघड्या. दाण्याचा पाइप भरलेला. टाकी भरलेली. टाकीला हात लावला तर गार.

जिवंत होत्या त्या फक्त चार-पाच, आजीच्या झोपडीकडच्या कोपऱ्यात. तिथं जाळीखालची माती हातानं उकरलेली होती, आणि त्या फटीतून आत सरकवलेली जर्मनची ताटली. ताटलीत बोटभर पाणी.

म्हातारी तेवढ्या फटीतून पाणी पाजत होती. बाकीच्या तिकडे आल्याच नाहीत. पाणी नळीतूनच येतं, एवढंच त्यांना ठाऊक. मीच शिकवलेलं.

मग मी काय केलं? — इथवर येतो आणि दरवेळी थांबतो. मेलेल्या कोंबड्यांवरून पाय टाकत गेलो आणि लाल दांडी फिरवली. नळीत गुडगुड झाली. बोटानं एक तोटी दाबून पाहिली. थेंब पडला, खालच्या उघड्या चोचीत. मग बाहेर आलो आणि बोंब मारली.

आजूबाजूच्या शेतातली माणसं धावली, मागोमाग गाव जमलं. दाणा आहे, पाणी आहे, जखम नाही — मग मेल्या कशानं? आणि तिच्याच बाजूच्या जिवंत कशा? कुणीतरी काठीनं ताटली उलटवली. "पाहा, इथूनच हात घातला तिनं!" आजी झोपडीच्या दारात उभी होती. गर्दीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

बाबा काठी टेकत आले, धाप लागलेली. लोकांना म्हणाले, "चूप बसा. कारण असल." मग मला, "पानी होतं का रे?"

किती सोपा प्रश्न! "नव्हतं" म्हणालो असतो तर काय झालं असतं? लोक हसले असते. पानठेल्यावर टिंगल झाली असती. बस, एवढंच ना? एवढ्यासाठी —

"होतं," म्हणालो.

बाबांनी स्वतः तोटी दाबून पाहिली. ओल्या बोटाकडे बघत राहिले. मी खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. गावासमोर त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आजीला कुणी मारलं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. फक्त त्या वर्षीच्या रोवणीत, बायका ओळीनं वाकून धानाची रोपं लावतात ना, त्या ओळीत तिच्या दोन्ही बाजूंना जागा सुटायला लागली. बांधीत दोन रिकामे पट्टे राहायचे. संध्याकाळी ते तीच एकटी भरायची. पुढं तिला बोलावणंच बंद झालं. आणि बाबा — माझे बाबा! — तिची झोपडी टाळून दुसऱ्या धुऱ्यानं जायला लागले. शेवटच्या आजारपणात खाटेवरून विचारायचे, "त्या कोंबड्या कायनं मेल्या असतील रे?" मी त्यांची उशी सरळ करायचो.

खुराडं अजून तसंच आहे. पोरं दुपारी तिकडून जात नाहीत. म्हणतात, कोंबड्या ओरडतात. मी तरी हसायला हवं ना? तिथं काही नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण मलाही ऐकू येतं. मीही लांबून जातो.

आजी त्याच वर्षी, धान कापायच्या आधी, लेकीकडे निघाली. सौंदडच्या फलाटावर गाठ पडली. एक बोचकं, त्याला ती ताटली बांधलेली. मी पुढच्या डब्याकडे सरकलो, तशी तीच जवळ आली. तिला सगळं माहीत होतं. कोरड्या तोट्या तिनं जाळीतून रोज पाहिल्या होत्या. पण टोनहीचं कोण ऐकतं? आता शिवी देईल म्हणून मी खाली बघत राहिलो.

तिनं शिवी दिली नाही. घरच्यांची खुशाली विचारावी तसं विचारलं, "बाबू, नळीले आता येते का पानी?"

"येते," म्हणालो.

गाडी लागली. पायरी उंच होती, तिच्या हातात बोचकं होतं. मी दुसऱ्या डब्यात चढलो.