सवत आणि खिळ्यावरचा जॉयस्टिक

माझी सवत पिवळी पडलेली होती आणि चालू करायला तिला थाप मारावी लागायची.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. सगळे म्हणतात, काहीतरी छान लिही. छान नंतर. आधी तिच्याबद्दल लिहिते, कारण माझा जळफळाट अजून गेलेला नाही.

दोन हजार सहाची गोष्ट. बदलापूर ईस्टला आमचं वन रूम किचन. आमचे हे, म्हणजे सुनील, आनंदनगरला एका कंपनीत मेंटेनन्सला. तिथे ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले आणि जुने भंगारात निघाले. त्यातलं एक डबडं हे रिक्षातून घरी घेऊन आले.

मांडीवर घेऊन! लग्न झाल्यापासून मला रिक्षात कधी एवढं जवळ घेऊन बसले नव्हते.

"लोक नवीन घेतात, तुम्ही मेलेलं उचलून आणलंत?"

"अगं, जुने गेम नव्या मशीनवर इतके पळतात की खेळताच येत नाहीत. त्यांना हिच्यासारखीच हळू चालणारी लागते."

बघा. आल्या दिवसापासून "ही".

तरुणपणी हे अंबरनाथला कॉम्प्युटर क्लासला जायचे. शनिवारी शेवटी सर गेम खेळू द्यायचे. मशीन एक, पोरं ढीगभर. ह्यांचा नंबर आला की नेमकी लाईट जायची. हे दुःख पोटात ठेवून हा माणूस माझ्याशी संसार करत होता, आणि मी आपली समजत होते की सुखी आहे.

खिडकीजवळच्या उजेडाच्या जागेवर माझं शिलाई मशीन होतं. ते गॅलरीत गेलं. तिथे ही बसली.

मग सुरू झाला हरेश. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जुन्या पार्टचं दुकान. दर रविवारी पिशवी घेऊन हजर. "भाभी, साउंड कार्ड मिला! एकदम ओरिजिनल!" नवरदेवाची बातमी आणल्यासारखा चेहरा.

दोघं कॅबिनेट उघडून डोकं आत घालून बसायचे. मी चहा ठेवायचे. चहावर साय यायची. "गार होतोय" म्हटलं की आतून "हो हो" यायचं.

एका रविवारी दोन जॉयस्टिक आले. एक मशीनला लागला. दुसरा ह्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. मी पुसायला हात लावला तर म्हणाले, "तो राहू दे."

हरेशचा असणार. दोस्ताची वस्तू जपून ठेवलीय. माझ्या मंगळसूत्राची वाटी चेपली तेव्हा कुणी बघितलं नव्हतं.

खंडेनवमीला तर कहर झाला. आमच्यात त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, मशीनची पूजा होते. माझ्या शिलाई मशीनला एक फूल. हिला झेंडूचा हार! आणि सासूबाईंनी, बिचाऱ्या भोळ्या, फ्लॉपी घालायच्या फटीला तोंड समजून त्यात हळदकुंकू आणि अक्षता घातल्या. नवी सून घरात आली की करतात तसं लाडाने.

फ्लॉपी आत जाईना. मी मनात म्हटलं, बरं झालं, बसा आता.

पण हे चिडले नाहीत हो. माझा भुवयांचा चिमटा घेऊन एकेक तांदूळ काढत बसले. हळूच फुंकर घालायचे, पुन्हा काढायचे. माझ्या डोळ्यात कचरा गेला होता तेव्हा पेपरातून मान वर न करता म्हणाले होते, "पाणी मार."

नंतर आम्ही चिखलोलीला घर घेतलं. वास्तुशांतीच्या आधी ती तिथे पोचली होती. खिळा सुद्धा ठोकून झाला होता.

आणि इतक्या वर्षांत मला एकदाही विचारलं नाही, "खेळतेस का?"

मला यायचं नाही काही. पण विचारायला काय जातं? मी म्हटलं, आपण होऊन कशाला जा. बोलावल्याशिवाय पानावर बसायची मला सवय नाही.

आज सकाळी हरेश आला. फोटोला नमस्कार केला. मग म्हणाला, "भाभी, मशीन आप कहां संभालोगे? मैं ले जाऊं?"

वर्षभर मी म्हणत होते, कुणीतरी न्या ही पीडा. आणि तोंडातून काय आलं? "हात लावायचा नाही. माझी सवत आहे, मी बघीन."

तो हसला. म्हणाला, "फिर चालू तो करो. बाजूला थाप मारायची."

इतकी वर्षं मारायची राहिलेली थाप मी मारली. अशी सणसणीत मारली की हरेश मागे सरकला. पंखा घरघरला, मशीन सुरू झालं.

आतली बॅटरी संपलेली, त्यामुळे तारीख आली १९८०. म्हणजे तिच्या लेखी हे तिसरीत, मी बालवाडीत, लग्नाचा पत्ताच नाही. सवत ती सवतच!

हरेश तारीख दुरुस्त करायला लागला. मी म्हटलं, राहू दे. त्या तारखेत हे आहेत.

मग खिळ्यावरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "घे बाबा, तुझा जॉयस्टिक."

"मेरा?" तो बघतच राहिला. "भाभी, मी तर कायम कीबोर्डवर खेळायचो. हा तुमच्यासाठी आणायला लावला होता त्याने. बोलायचा, ती कधीतरी विचारेल, तब निकालूंगा."

खरंच. हरेश कीबोर्डवरच वाकलेला असायचा. चहा द्यायला जायचे, दर रविवारी बघायचे, आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

मी वाट बघत होते, हे विचारतील. हे वाट बघत होते, मी विचारीन.

पिशवीला नुसती गाठ होती. जॉयस्टिक कोरा होता.

भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही. तुम्हाला नमस्कार करते, आणि राहिलेलं विचारते.

अहो, खेळायचं का?