हुसेनच्या सात सुया

निरोप आला तेव्हा मी कापसाच्या वेचणीत होतो. हुसेन पिंजाऱ्याचा थोरला मुलगा युसूफ बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, अब्बा गयात." मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" असंच म्हणालो... आणि पुढची दोन-तीन बोंडं वेचून ओटीत टाकली. बायकोने येऊन ओटीची गाठ सोडली आणि मला पाण्यापाशी नेलं, तेव्हा कुठे मी हात धुतले. माझा लहानपणापासूनचा मित्र गेला होता आणि मला काहीच होत नव्हतं. डोळेही भरले नाहीत.

दुपारी धरणगावच्या कबरस्तानात गेलो. त्याला गुंडाळलेल्या पांढऱ्या कापडाकडे बघत उभा राहिलो. त्यातलं बरंचसं कापड माझ्या शेतातल्या कापसाचं होतं, हे तिथे मला आणि त्याच्या घरच्यांनाच माहीत होतं. सगळ्यांबरोबर मीही मूठमूठ माती टाकली. घरी येऊन भाकरी खाल्ली. भूक लागली होती, हे सांगायला लाज वाटते, पण लागली होती. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. अजूनही आत काही हललेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. निदान जे सांगायचं राहिलं ते तरी बाहेर पडेल.

हुसेन आणि मी तिसरीपर्यंत एका फळीवर बसलो. पुढे मी शेतात गेलो आणि तो बापाच्या पिंजणीखाली. बाजारगल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान. दिवसभर पिंजणीची दोरी, तात, ठणकत असायची आणि कापूस उडून हुसेनच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. त्यावरून मी त्याला विशीतच म्हातारा म्हणायचो. त्याच्या कामाची एक शिस्त होती, ती अख्ख्या गावाला माहीत होती. दुकानाच्या मधल्या खांबाला कापड गुंडाळून त्याची गादी केलेली, तिच्यात त्याच्या सात जाड सुया टोचलेल्या असत. गादी असो की दुलई, शिवायला बसण्याआधी तो सुया मोठ्याने मोजायचा आणि काम झालं की परत मोजायचा. सात भरल्याशिवाय माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. कापसात हरवलेली सुई डोळ्यांना दिसत नाही, ती माणसाच्या अंगालाच सापडते, असं त्याचा बाप सांगायचा. आम्ही त्याची चेष्टा करायचो. गिऱ्हाईक घाईत असलं तरी याचं आपलं चालूच... एक, दोन, तीन.

माझी मुलगी शेवंता तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. हुसेनने शिवलेल्या दुलईवर ती उड्या मारत होती आणि एकदम किंचाळली. टाचेत सुई घुसून आत मोडली होती. गावात निघेना, म्हणून जळगावला नेली. डॉक्टरांनी नखाएवढा तुकडा काढून कागदाच्या पुडीत माझ्या हातावर ठेवला. पण तोवर टाच पिकली होती. पोर वाचली, पाय मात्र जन्माचा अधू झाला.

जळगावहून परतलो तो बाजाराचा दिवस होता. मी घरी गेलोच नाही, तडक हुसेनच्या दुकानापुढे गेलो आणि पुडी त्याच्या अंगावर फेकली. "डोया फुटनात का तुना? मनी पोरले लंगडी करी टाकं तू!" बाजार जमला. मी आणखी बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. हुसेनने तो तुकडा उचलला, चिमटीत धरून उजेडात बघितला. मग एकदा खांबाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा उलटून बोलेल. त्याने मान खाली घातली. "मनी चूक शे, आबा. मना हातथीन व्हयनी."

त्यानंतर गावातल्या बायकांनी लेकरांच्या दुलया त्याच्याकडे द्यायचं बंद केलं. लग्नातल्या गाद्याही नशिराबादच्या पिंजाऱ्याकडे जायला लागल्या. हुसेन जुना कापूस पिंजून देण्यावर दिवस काढू लागला. सुया मोजायचं काही त्याने सोडलं नाही. आता ते ऐकून लोक हसायचे, आणि हसणाऱ्यांत मीही होतो. बरीच वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

माझी आई, जिला सगळा गाव अक्का म्हणायचा, ती गेली तेव्हा हुसेन तिरडीमागून नदीपर्यंत चालत आला. अक्काने त्याला लहानपणी माझ्याबरोबर कितीदा जेवू घातलं होतं. दहाव्यानंतर बायको अक्काचं गाठोडं सोडून बसली होती. त्यात चिंध्या होत्या, लाल दोऱ्याची गुंडी होती आणि बारीक सुया होत्या. ती त्या सुयांकडे बघतच राहिली आणि हळूच म्हणाली, "ती सुई पिंजारीनी नव्हती. त्या दिन अक्कानी दुलईना कोपरा शिवा व्हता. मी दखं, पन सांगं नई." मी उठून दुलई काढली. एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके होते. अक्काला तेव्हापासूनच नीट दिसत नव्हतं. सुई आत राहिली हे तिला कळलंही नसणार. शेवंता लंगडताना बघून ती पदराने डोळे पुसायची आणि पिंजाऱ्याला बोल लावायची.

बायकोवर मी ओरडलो नाही. सासूचं नाव घ्यायची तिची काय छाती होती? मला जायला हवं होतं हुसेनकडे, त्याच दिवशी. गेलो नाही. उद्या जाऊ, बाजार उलगला की जाऊ, पेरणी आटपली की जाऊ... माणूस स्वतःला किती सबबी सांगू शकतो याला काही हद्द नाही. मधल्या काळात हुसेन आपणहून बोलायला लागला होता, आणि मग तर मला वाटलं, सगळं सुरळीत होतंय, कशाला जुनं उकरायचं!

एका संक्रांतीच्या सुमारास तो शेतात आला. "आबा, तुना शेतना कापूस दे. हजना एहराम करानं शे. दोन कपडा, बिनशिवेल." मी चेष्टेने म्हणालो, "लढाई चालू शे, जहाज कोठे शे तुनं?" तो म्हणाला, "जहाज येई तवय येई. कापड ते तयार पाहिजे." पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस मी त्याला दिला. तो त्याने स्वतः पिंजला, त्याच्या बायकोने, भाबीने, सूत कातलं आणि गावातल्या विणकराने दोन लांब कापडं विणून दिली. शिलाई नाही, काठ दुमडलेला नाही. ती पेटीत ठेवून तो वाट बघत राहिला. महायुद्ध संपलं, हजला जाणाऱ्यांसाठी जहाजं पुन्हा सुटायला लागली आणि एक दिवस त्याचा नंबर लागला.

हजला निघण्याआधी माणूस दारोदार जाऊन माफी मागतो. देवाचं देव बघेल, पण माणसाचं मन दुखावलं असेल तर ते त्या माणसानेच माफ करावं लागतं, असं त्यांच्यात मानतात. हुसेन गल्लीगल्लीतून हिंडला. आमच्या ओट्यावर आला तेव्हा चार माणसं बसलेली होती. त्याने हात जोडले. "आबा, बोलेल-चालेल, चुकेल-माकेल बठ्ठं माफ कर."

तो क्षण माझ्या हातात होता. मी म्हणालो, "माफ करं, जाय." मोठ्या मनाच्या माणसासारखं म्हणालो! शेजारी बसलेल्या एकाने मान डोलावली. हुसेन मात्र लगेच गेला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "आनि मनाकडथीन तुले बठ्ठं माफ शे." माझ्या अंगावर काटा आला. मग मी मनाची समजूत घातली, की हे त्यांच्या रिवाजातलं बोलणं असेल, सगळ्याच दारांत म्हणत असेल.

स्टेशनवर त्याला पोचवायला अर्धा गाव आला होता. मी हार घातला.

हिवाळ्यात परत आला तेव्हा निम्मा झाला होता. कापसाचा दमा जुनाच होता, प्रवासाने तो उसळला. मी रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. त्याने मला खजूर दिले, मक्केच्या विहिरीचं, झमझमचं पाणी ओंजळीत दिलं, मी प्यालो. तो तिकडचं सांगत राहायचा. भर समुद्रात ठरलेल्या जागी सगळ्यांनी आंघोळ करून ती दोन कापडं अंगाला लावली, शेटजी कोण आणि हमाल कोण ते ओळखू येईना. "सुई-दोरा जिंदगीभर हातमा, आनि तठे आंगवर एक टाका नई!" असं म्हणून हसायचा आणि खोकायचा. काब्याभोवती सात फेरे, दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, सैतानाला सात खडे. गर्दीत लोकांची मोजणी चुकायची, याची नाही. "मी सुया मोजस ना, तसं बोट मुडपीसन मोजं." ती कापडं झमझमच्या पाण्यात भिजवून, वाळवून त्याने परत आणली होती. कशासाठी ते मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं.

एकदा अराफातच्या मैदानाचं सांगत होता. "तठे दुपारपाशीन सूर्य बुडस तवलगुन उभं ऱ्हावानं. ज्यानं त्यानं आपलं मांगानं. मी तुनं बी नाव लिधं, आबा."

"काय मांगं?"

"आबाना जीव हलका व्हवो, असं."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं. तेवढ्यात युसूफ चहा घेऊन आला, आणि मी चहा प्यालो. त्यानंतर हुसेन जवळजवळ वर्षभर जगला. रोजची एक संध्याकाळ धरली तर किती संध्याकाळी मला मिळाल्या, त्या मीच वाया घालवल्या.

तो गेल्यावर आठवड्याने मी तेल्याच्या दुकानात बसलो होतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, हजला जाताना हुसेन तुलाही म्हणाला होता का, की माझ्याकडून तुला सगळं माफ आहे? तेली म्हणाला, नाही बुवा, नुसती माफी मागून गेला. मग शाळेच्या गुरुजींना विचारलं, शेजारच्या दोन घरी विचारलं. कोणालाच म्हणाला नव्हता. ते एकाच दारात म्हणाला होता.

चाळिसाव्याला मी गेलो. पाहुणे गेल्यावर भाबीपुढे बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दुलईचा कोपरा, अक्काची सुई, आणि मला इतकी वर्षं हे माहीत होतं, हेही. भाबीने पदर सावरला. "माले म्हाईत शे, आबा. त्यास्नी त्याच दिन सांगं व्हतं. सुई बारीक, अक्कानी शे, पन म्हातारीले समजनं ते ती मरी जाई, कोनले सांगू नको."

"मंग मालेच सांगता..."

"तुमले सांगतात, ते तुम्ही घर जाईसन अक्काले बोलतात." मग म्हणाली, "अक्का गयी तवयपाशीन ते तुमनी वाट दखत व्हतात."

ती मला एका शब्दानेही टोचून बोलली नाही. मला तिने बोलायला हवं होतं. मी तसाच उठलो आणि हुसेनच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. ज्या बाजारात मी त्याला आंधळा ठरवला त्या बाजारात, मी हे ज्या मासिकासाठी लिहितोय त्याचा अंक येतो, तेल्याच्या दुकानात मोठ्याने वाचलाही जातो. म्हणून इथे लिहितो: हुसेन पिंजाऱ्याच्या हातून कधीच सुई राहिली नाही. सुई आमच्या घरची होती.

पिंजण खुंटीला टांगलेली होती, तातीवर कापसाचे तंतू तसेच होते. खांबाच्या गादीत सुया होत्या. मी बोट लावून मोजल्या. सात. माझ्या पोरीच्या टाचेतला तुकडा घेऊन मी या खांबासमोर उभा राहून ओरडत होतो, त्या दिवशीही त्या इथेच होत्या, साती, सगळ्या अख्ख्या. हुसेनने खांबाकडे बघितलं तेव्हा मीही बघितलं होतं. मोजायला मला कोणी अडवलं नव्हतं.