पसंत. मागणी विचाराधीन

एकच सिनेमा, तोही अकरा मिनिटांचा, ज्यात गाणं नाही, नायिका नाही, मारामारी नाही, असा सिनेमा सहा वर्षं दर शनिवारी पाहणारा दुसरा माणूस अख्ख्या नागपुरात कोणी दाखवला, तर मी माझी सगळी रजिस्टरं त्याच्या पायावर घालीन. मला ती भीती नाही. असा माणूस एकच होता, आणि त्याची प्रत्येक खेप माझ्या अक्षरात नोंदलेली होती.

ही सत्तर-ऐंशीच्या दरम्यानची गोष्ट. शाळांना आणि मंडळांना माहितीपट दाखवायला देणाऱ्या एका सरकारी फिल्म ग्रंथालयात मी रजिस्टरं सांभाळत असे. आवक, जावक, दुरुस्ती आणि ट्रायल अशी चार. हिवताप, विहिरींची सफाई, कोंबडीपालन असे आमचे विषय. एकदा कुठल्याशा परदेशी कचेरीकडून एक खोका भेट आला. त्यात गाईंवर एक रीळ, मक्यावर दोन, दात घासण्यावर एक आणि अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखातल्या रेल्वेवर एक. रेल्वेचं रीळ कोणत्याही शाळेने मागितलं नाही. मुलांना त्यातून कोणती सवय लावायची, हे मुख्याध्यापकांना समजेना.

आमचा नियम असा होता की रीळ फक्त संस्थेला मिळे, व्यक्तीला नाही. मात्र मागणी नोंदवण्याआधी संस्थेच्या प्रतिनिधीला ते आमच्याच मागच्या खोलीत पाहता येई. त्यालाच सगळे ट्रायल म्हणत. एका शनिवारी दुपारी एक उंच, वाळलेले गृहस्थ दारात उभे राहिले. मे महिना, आणि अंगात काळा कोट. आत येईनात. मी दोनदा वर पाहिलं, तरी उंबऱ्याबाहेरच. शेवटी म्हणाले, "बाई, सिग्नल दिला नाही तुम्ही." मी "या" म्हटलं, तेव्हा आले. ते छोट्या लाइनीवरून, म्हणजे नॅरोगेजवरून, निवृत्त झालेले स्टेशनमास्तर होते. संस्थेचं नाव विचारलं, तर त्यांनी खिशातून रबरी शिक्का काढला: निवृत्त छोटी लाइन कर्मचारी मंडळ. सभासद किती, हे विचारायचा रकाना माझ्या फॉर्मात नव्हता. तो असायला हवा होता, कारण सभासद एक होता. त्यांनी रेल्वेचं रीळ पाहिलं, शेरा लिहिला: "पसंत. मागणी विचाराधीन." आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचार करायला आले. हा विचार सहा वर्षं चालला. ट्रायल किती वेळा घ्यावी, यावर नियमात मर्यादा नव्हती. मी दोनदा शोधून पाहिली.

नोकरी सुटली तरी नोकरीने त्यांना सोडलं नव्हतं. स्टेशनमास्तर एकमेकांशी फोनवर गाडीबद्दल बोलतात तेव्हा निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून एक गुप्त आकडा देतात, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तर हा नंबर सगळ्यांकडून घेत. "पुढच्या शनिवारी अडीच वाजता. द्या नंबर." मी सुरुवातीला हसले, मग वैतागले, मग सत्तेचाळीस, बावीस असं काहीबाही सांगू लागले. ते खिशातल्या वहीत लिहून घेत आणि आकडा पुन्हा वाचून दाखवत. कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा त्यांना नंबर देई. तिने एकदा त्यांच्यासाठी राखलेली मेथी दुसऱ्याला विकली, तर तिला वही दाखवून म्हणाले, "नंबर देऊन लाइन दुसऱ्याले दिली तर टक्कर होते बाई." ती म्हणाली, "मेथीची कायची टक्कर होते मास्तर? पालक घ्या, गुमान घरी जा." त्यांनी पालक घेतला, पण त्यासाठी नवा नंबर मागून घेतला.

आता त्या सिनेमाबद्दल. काळं, आपल्या छोट्या गाडीच्या दहापट मोठं इंजिन. दोन्हीकडे क्षितिजापर्यंत मका. मध्येच धान्याची उंच कोठारं, पाण्याची टाकी, आणि एक लाकडी स्टेशन. गाव दिसतच नाही. स्टेशनातून एक माणूस येतो, बंडी घातलेला, हातात लांब दांडीचं कडं. त्याला हुकमाचा कागद बांधलेला असतो. गाडी थांबत नाही. तो रुळाच्या अगदी जवळ उभा राहून कडं वर धरतो, इंजिनवाला हात घालून ते उचलतो, कागद काढून घेतो आणि कडं पुढे कुठेतरी फेकून देतो. गाडी निघून जाते. माणूस रुळाच्या कडेने चालत जाऊन कडं उचलतो, परत येतो, आत जातो. हे सगळं जेमतेम एका मिनिटाचं. बाकीच्या दहा मिनिटांत यार्ड, पूल, बर्फ, जेवणाचा डबा वगैरे होतं. ते मास्तर शिष्टाचार म्हणून पाहत.

मशीन चालवायला आमचे ऑपरेटर गजाननराव असत. मास्तर त्यांना इंग्रजी निवेदन बंद करायला लावत. "तो बोलणारा कधी लाइनीवर उभा राहिला नाही, आवाजावरून समजते." मग निवेदन स्वतः करत. कड्याचा प्रसंग आला की खुर्चीतून उठून ताठ उभे राहत, कारण गाडी जाताना मास्तरने बसायचं नसतं, मग ती गाडी अमेरिकेतली का असेना. हिरवा रुमाल हातात. गाडी गेली की दर शनिवारी त्याच चिडक्या आवाजात म्हणत, "पाहा, किती लांब फेकलं. ड्रायव्हर नवा दिसते." गजाननरावांनी एकदा विचारलं, "काहून गा मास्तर, सहा वर्षांत जुना नाही झाला का तो?" मास्तर म्हणाले, "ज्याले चालत जाऊन कडं उचलावं लागते, त्याले विचार."

त्यांची स्वतःची नोकरी सावनेरच्या पुढच्या एका स्टेशनावर गेली होती. पत्र्याचं छप्पर, एक कडुनिंब, एक विहीर. तिथेही असंच वेताचं कडं असे. त्याला अडकवलेल्या कातडी पिशवीत लोखंडी गोळा असे, आणि तो हाती आल्याशिवाय ड्रायव्हरने पुढची लाइन धरायची नाही. थांबणाऱ्या गाड्या थोड्या. कोळशाच्या मालगाड्या कडं घेत निघून जात. कडं धरणं खरं तर पोर्टरचं काम, पण मास्तरांनी ते एकोणीस वर्षं कोणाला धरू दिलं नाही. त्याचं कारण मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी एका शनिवारी आपणहून सांगितलं. "बाई, कडं देताना ड्रायव्हरचा हात आपल्या हाताले घासून जाते. दिवसातून दोनदा. तेवढाच माणसाचा हात." हे सांगून त्यांनी लगेच वही काढली आणि पुढच्या शनिवारचा नंबर मागितला.

बायको-मुलं त्या काळात नागपुरातच राहिली, जरीपटका वस्तीच्या अलीकडे दोन खोल्यांत, मुलाच्या शाळेसाठी. मास्तर महिन्यातून एकदा येत. निवृत्त होऊन कायमचे आले तेव्हा घर त्यांच्याशिवाय नीट चालायला शिकलेलं होतं. पाण्याच्या, आंघोळीच्या, चहाच्या वेळा ठरलेल्या. कोणी वाईट वागत नव्हतं. ते जिथे उभे राहत तिथून सून अदबीने वाट काढून जाई. "घरात माझ्यासाठी लूप लाइन आहे," ते म्हणत. "मेन लाइनची गाडी जाऊ द्यायची, अन् आपण बाजूले उभं राहायचं." त्यांच्या कामाचा एकही फोटो घरात नव्हता. हे रीळ घरी न्यावं, बायकोला दाखवावं, की पाहा, मी इतकी वर्षं हे करत होतो, असं त्यांच्या मनात होतं. मागणी विचाराधीन होती ती यासाठी. विचारायचं फक्त घरी होतं, आणि तेवढंच त्यांना जमत नव्हतं. "तिले वेळ नसते," म्हणत. किंवा, "पुढच्या महिन्यात पाहू."

इकडे रिळाचं आयुष्य संपत होतं. फिल्म तुटली की दोन्ही टोकं थोडी कापून चिकटवावी लागते. कापलेल्या चौकटी गेल्या त्या गेल्या. आणि रीळ नेमकं कड्याच्या जागीच तुटे, कारण तो भाग मास्तर दोन-दोनदा मागे फिरवायला लावत. एका शनिवारी म्हणाले, "बाई, आज त्याचा हात लवकर वर गेला." मी दुरुस्तीचं रजिस्टर पाहिलं. त्या आठवड्यात पाच चौकटी कापल्या होत्या. पाच चौकटी म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही पुरत नाहीत. पण त्यांना ते दिसलं होतं. पुढे तर तो माणूस कडं घेऊन येतानाच दिसेनासा झाला. एकदम हात वर, आणि एकदम पाठ.

मार्चच्या तपासणीआधी खराब रिळांची यादी मला वर पाठवायची होती. त्यात पहिलं नाव या रिळाचंच येणार होतं. यादीत गेलेलं रीळ कापून नष्ट करायचं, असा नियम. मी मास्तरांना तसं सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि हिरवा रुमाल घडी घालून खिशात ठेवला. "म्हणजे राहिलंच," एवढंच म्हणाले. मला अर्धवट कामं आवडत नाहीत. मी मागणीचा फॉर्म काढला आणि स्वतःच भरला. स्थळ: प्रतिनिधीचं राहतं घर. दिवस: येता रविवार, दुपारी चार. प्रेक्षकसंख्या अंदाजे दहा. मग म्हटलं, "शिक्का मारा." त्यांनी शिक्का उलटा मारला. मी सुलटा पुन्हा मारायला लावला आणि न मागता नंबर दिला.

रविवारी गजाननराव आणि मी मशीन घेऊन गेलो. सुनेने खिडक्यांना चादरी बांधून खोली अंधारी केली होती, भिंतीवर पांढरं धोतर. सिनेमा म्हणून शेजारणी आल्या होत्या. मास्तरांच्या बायको, सगळ्या त्यांना काकू म्हणत, स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या, मांडीवर निवडायच्या तांदळाचं ताट. मास्तर भिंतीला टेकून उभे. निवेदन बंद होतं, आणि त्या दिवशी तेही बोलले नाहीत. मका गेला, पूल गेला, बर्फ गेला. कड्याचा प्रसंग आला आणि संपला. इतका चटकन की एक शेजारीण त्या वेळी पदर सावरत होती, तिला तो दिसलाच नाही. शेवटी ती म्हणाली, "झालं का? मले वाटलं आता सुरू होईल." सगळ्या हसल्या. मास्तरही हसले, आणि खिडकीची चादर सोडायला वळले.

"ते कड्याचं पुन्हा दाखवा जी," काकू म्हणाल्या.

गजाननरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी रीळ मागे फिरवलं. माणसाने हात वर केला आणि फिल्म तुटली. भिंतीवर नुसता पांढरा उजेड राहिला. गजाननराव टोकं शोधू लागले. काकू त्या उजेडाकडेच पाहत होत्या.

"असंच कडं होतं का तुमच्याकडं?"

"जरा लहान," मास्तर म्हणाले.

"मंग गाडी गेल्यावर काय करत होते तुम्ही?"

"रजिस्टर भरायचो."

"ते भरून झाल्यावर?"

"बसायचो."

"कितीक वेळ?"

"पुढच्या गाडीपर्यंत."

काकूंनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "मले वाटे, तुम्हाले तिकडंच करमते. सुटीवर आले की दुसऱ्याच दिवशी कोट घालून तयार राहत."

"तुमचं सगळं सुरळीत चालून राहायचं," मास्तर म्हणाले. "मले वाटे, तुले इथं करमून राहिलं. मी मधात कायले येऊ?"

"करमते!" काकू म्हणाल्या, पण अगदी हळू. "पोराचा अभ्यास झाला की मीबी बसतच होती ना."

सून उठली आणि चहाच्या निमित्ताने आत गेली. गजाननरावांच्या हातात फिल्मची दोन्ही टोकं होती, पण ते चिकटवायचं विसरले होते. काकूंनी पाटावरून थोडं सरकून जागा केली, आणि मास्तर, जे सिनेमा संपेपर्यंत उभे होते, ते तिथे टेकले. दोघांनी मिळून तांदूळ निवडले. मास्तरांना खडे दिसत नव्हते, त्यांनी बरेच तांदूळही टाकून दिले. काकूंनी ते वेचून परत ताटात घेतले.

सोमवारी मी रीळ यादीत घातलं. दोन साक्षीदारांसमोर ते कापलं गेलं. शेऱ्याच्या रकान्यात मी "वापर झाला" असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, हा काय शेरा. मी म्हटलं, खरा आहे. पुढच्या शनिवारी अडीच वाजले, तीन वाजले, मास्तर आले नाहीत. गजाननराव म्हणाले, "सकाळी दोघं नवरा-बायको इतवारी स्टेशनावर छोट्या गाडीत बसताना दिसले. सावनेरकडं चालले होते. काकू विचारून राहिल्या होत्या, विहिरीले पाणी आहे का अजून म्हणून."

फार चांगली गोष्ट झाली, असं मी म्हटलं, आणि तसं मला वाटलंही. शनिवारी आमचं ऑफिस खरं तर दोनला सुटत असे. सहा वर्षं मी ट्रायलच्या कामासाठी चारपर्यंत थांबत आले होते. त्यानंतरच्या शनिवारी दोनला कुलूप लावलं, रिक्षा केली, आणि अडीचला घरचं कुलूप उघडलं. पर्समधून दिवसाच्या कामांची यादी काढली. सगळ्या कामांवर सकाळीच खुणा झालेल्या होत्या. खिडकी उघडून मी थोडा वेळ बसले.