सातवी पायरी

आमच्या शिकागोच्या ऑफिसात प्रत्येक वस्तू आधी ठोकून, आवाज ऐकून मगच पास व्हायची. पद्धत साहेबांची. साहेब मूळचे इटलीचे, आर्किटेक्ट, वय ऐंशीच्या पुढे. खुर्च्या आणि जिने ही त्यांची खासियत. वडील होड्या बांधायचे. फळी ठोकायची, नीट वाजली तरच होडीला लावायची, हे ते तिथे शिकले. कॉलेजचं शिक्षण त्यानंतरचं, आणि त्यांच्या लेखी दुय्यम. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात मी नारळ वाजवून घेते हे ऐकून ते इतके खूश झाले की, माझा नवरा म्हणतो, "तुझी नोकरी त्या नारळावर पक्की झाली."

त्या सकाळी एका घरातला नवा जिना तपासायचा होता. पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवलेल्या, दुसरी बाजू मोकळी, कठडा अजून बसायचा होता. पहिल्यांदा साहेबच चढणार, हा नियम. खाली घरमालक, सुतार आणि मी.

पुढची पायरी वाकून ठोकायची, मग पाय ठेवायचा, असे ते निघाले. टक्. टक्. सहा झाल्या. सातवी भद् वाजली.

साहेबांनी मान डोलावली. "छान."

गेले काही महिने ते मीटिंगमध्ये आमच्या ओठांकडे बघत होते, फोनवर "काय?" विचारत होते. आम्ही ते वयावर ढकललं होतं. त्यांना नीट ऐकूच येत नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. त्यांनी पाय उचलला. मी धावत वर गेले आणि मागून त्यांचा कोट धरला. दोघंही डुललो. खाली फरशी होती.

"काय आहे?" साहेबांनी वळून माझ्या ओठांकडे बघत विचारलं.

"सातवी पोकळ आहे."

"मी ऐकली की."

"नाही ऐकलीत."

हे मी घरमालकासमोर बोलले. साहेबांनी पायरी पुन्हा ठोकली, पण या वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघत. मग सहावीवर हळूच बसले. "आज वडिलांनी मला होडीजवळ उभं राहू दिलं नसतं," म्हणाले.

सुताराने पायरी उघडली. आतल्या फळ्यांचा जोड सुटला होता. माझी बोटं आत गेली.

परतताना गाडीतूनच मी त्यांच्यासाठी कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. एक माझ्यासाठीही घेतली, कारण आता पायऱ्या मी ठोकते, आणि पाय ते ठेवतात.