बिनकड्याचा परीट

गयाकाकू गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी कळंबला शाळेत पेपर तपासत होते. "झोपेतच गेल्या, बाई. काय तरास झाला न्हाय," ती म्हणाली. आता परटाची खबर कोण देणार, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार... आहे तो असा आहे.

ईट गावाजवळच्या तळ्याकाठी काकूंचं शेत. परीट म्हणजे शेपटी हलवत चालणारा काळा-पांढरा चिमुकला पक्षी. थंडीत उत्तरेकडून येतो आणि पळस फुलला की परतीच्या आधी या तळ्यावर जमतो. आमचा चार जणांचा गट रीतसर परवानगी काढून दर फाल्गुनात तिथं जातो. बारीक जाळ्यात पक्षी धरायचा, वजन घ्यायचं, पायात नंबराचं कडं घालून सोडायचं. पुढं कुठंही सापडला तर नंबरावरून ओळख पटते. जाळ्यासाठी काकूंच्या बांधासारखी जागा नव्हती. "लावा की," पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, "पर म्या बघत बसणार." आणि शेळ्या मोकळ्या सोडून रोज बसल्या.

चार वर्षांपूर्वी माझ्या हातून चूक झाली. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून एक कडं घाईत जास्त दाबलं गेलं. मला कळलंही नाही. पक्षी सोडल्यावर काकू म्हणाल्या, "बाई, त्यो डावा पाय टेकंना."

"पक्षी एका पायावर उभे राहतातच, काकू."

"मला शिकवा. जल्म गेला शेरडं राखण्यात. इसावा येगळा, दुखणं येगळं. धरा त्याला, न्हाईतर उद्या माज्या बांधावर जाळं नको."

त्याला पुन्हा धरायला दोन दिवस लागले. पाय सुजला होता. मी पक्कडीनं कडं हळूहळू उघडलं. तो उडाला. काढलेलं कडं परत जमा करावं लागतं, ते मात्र चिखलात कुठं पडलं, सापडेना. तासभर शोधलं. काकूही पदर खोचून माझ्याबरोबर शोधत होत्या.

त्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "आलाय बरं का तुमचा लंगडा. धुण्याच्या दगडावर बसतोय. लिवून घ्या."

मी लिहिलं नाही. कडं नाही म्हणजे पुरावा नाही.

"म्या बघितलं की."

"तसं चालत नाही, काकू."

"म्हंजी खूण केली तुमीच, अन् वळख तुमालाच न्हाय."

चार हिवाळे त्या विचारत राहिल्या, "लिवलं का?" चार हिवाळे मी नाही म्हणत राहिले.

गेल्या आठवड्यात तळ्यावर गेले. सुनेनं चहा दिला आणि काकूंची पानसुपारीची चंची पुढं ठेवली. "तुमाला द्या म्हणल्या व्हत्या." आत सुपारीची दोन खांडं, चुन्याची डबी आणि एका चिंधीत गुंडाळलेलं, तोंड फाकलेलं कडं. नंबर स्वच्छ वाचता येत होता. म्हणजे त्या दिवशी चिखलात मी एकटीच शोधत होते.

धुण्याच्या दगडावर पाच-सहा परीट होते. एक डाव्या पायावर जरा बेतानं चालत होता. तोच तो, असं मी म्हणणार नाही.

कडं जमा करायच्या पाकिटात घातलं. मग वही उघडून त्या नंबरासमोर लिहिलं, 'चार वर्षं परत आला.' निरीक्षकाच्या रकान्यात नेहमी माझी सही असते. तिथं लिहिलं, गयाबाई.